मुखपृष्ठावरचं बाळ पालथं का झोपलंय?

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या घरून ग्राफिक डिझाइनची कामं करतात. तालुक्याच्या गावातल्या एका प्रसूतिगृहासाठी त्यांनी बाळंतिणींना डिस्चार्जच्या वेळी द्यायची चोवीस पानी पुस्तिका तयार केली. मजकूर तिथल्या डॉक्टर मॅडमचा, फोटो यांनी निवडलेले. दोन हजार प्रती छापून आल्या, तीनेकशे वाटूनही झाल्या. मग तिथल्या एका जुन्या सिस्टरनी विचारलं, “नवव्या पानावर लिहिलंय बाळाला उताणं झोपवा, मग मुखपृष्ठावरचं बाळ पालथं का झोपलंय?” आतल्या एका फोटोत तर बाळाच्या डोक्याखाली उशी आणि शेजारी टेडी आहे. मॅडमचं म्हणणं, “फोटो शोभेला असतात. मजकूर बरोबर आहे ना, झालं तर.” पत्रलेखिकेचं मात्र मन लागत नाही. दुसरे फोटो शोधायला बसल्या, तर जिकडेतिकडे पांढऱ्याशुभ्र खोलीतलं कठड्याचं विलायती क्रिब. या दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या घरी तसलं काही नसतं. त्या विचारतात: मी राईचा पर्वत करतेय का? छापलेल्या प्रतींचं काय करू? नवी चित्रं कशी निवडू? आणि जाता जाता लिहिलंय की, हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या आपल्या लेकीचा नवजातपणीचा फोटो हॉलमध्ये लावलाय, तो आता बघवत नाही.

ताई, आधी त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. लेखक, डिझायनर, प्रूफ बघणारा, छापखान्यातली माणसं, एवढ्या जणांच्या डोळ्यांखालून गेलेली चूक त्यांना दिसली. तुम्ही सगळे पुस्तिका तपासत होता. त्या बहुधा ती बाळंतिणीच्या हातात कशी दिसेल ते बघत होत्या.

राईचा पर्वत तुम्ही करत नाही आहात. पालथं झोपवलेलं तान्हं बाळ झोपेतच दगावण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तर नवव्या पानावर ‘उताणं’ लिहिलंय. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट मॅडमनी म्हटली आणि तुम्हीही अर्धीमुर्धी मान्य केल्यासारखी दिसते, ती आपण जरा उलटीपालटी करून बघू. ती म्हणजे, मजकूर माहिती देतो आणि फोटो शोभा आणतो.

मी डॉक्टर नाही. आरोग्य शिक्षणाचे तक्ते, फ्लिपबुकं, भिंतीवरचे फलक करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात आम्ही लसीकरणाचं एक फ्लिपबुक केलं होतं. एका चित्रात खाटेवर बाळ झोपलेलं होतं आणि खाटेची एक बाजू रिकामी दिसत होती म्हणून चित्रकारानं तिथं बदामाच्या आकाराची गुलाबी उशी काढली. छान दिसतेय म्हणून मीच मंजूर केली. पुढे एका पाड्यावर ते फ्लिपबुक उलगडून मी पाऊण तास बोलले. बीसीजी, पोलिओ, तारखा, ताप आला तर काय, सगळं. शेवटी विचारलं, काही शंका? मागे बसलेली एक पहिलटकरीण म्हणाली, “ताई, ती गुलाबी उशी कुठं मिळते?” माझ्या पाऊण तासातलं तिच्याबरोबर घरी काय गेलं, ते मला तेव्हा कळलं. त्या उशीबद्दल फ्लिपबुकात एक अक्षर नव्हतं.

आता तुमच्या पुस्तिकेचं काय होईल बघा. ती डिस्चार्जच्या फायलीत, बिलाच्या पावत्यांबरोबर घरी जाईल. सासूबाई चाळतील, नवरा चाळेल, फ्रीजवर किंवा टीव्हीशेजारी पडून राहील. रात्री दोन वाजता, बाळ तासभर रडून एकदाचं डुलकी घेतंय अशा वेळी, नववं पान कुणी काढत नाही. डोळ्यांपुढे असतं ते मुखपृष्ठ. आणि मुखपृष्ठ सांगतंय की पालथं घातलेलं बाळ असं गाढ, शांत झोपतं. दवाखान्याचं नाव खाली छापलेलं असल्यामुळे ते डॉक्टरांनी सांगितल्यासारखंच झालं.

ही अडचण तुमच्या एकटीची नाही. अमेरिकेत काही संशोधकांनी तरुण बायका वाचतात अशी २८ मासिकं घेतली आणि त्यांतल्या झोपलेल्या बाळांचे फोटो मोजले. हा अभ्यास २००९ साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात आला. एकटी झोपलेली बाळं होती, त्यांतली जेमतेम दोन तृतीयांश उताणी होती. आणि झोपायची जागा दाखवणाऱ्या चित्रांपैकी सुरक्षित म्हणावीत अशी निघाली ती साधारण एक तृतीयांश. बाकी ठिकाणी उशा, दुलया, मऊ खेळणी. हे ज्या देशात ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम तोवर पंधरा वर्षं चालू होती, तिथलं. ती संघटना आता मार्गदर्शक सूचनांमध्येच सांगते की प्रसारमाध्यमांनी आणि जाहिरातदारांनी चित्रं दाखवतानाही हे नियम पाळावेत.

असे फोटो इतके का असतात, तर कॅमेऱ्यापायी. उताणं झोपलेलं बाळ बाजूनं टिपलं तर नाकाचा शेंडा आणि पोट दिसतं. पालथं घातलं की गाल चेपून ओठांचा चंबू होतो, चेहरा कॅमेऱ्याकडे येतो, पाय पोटाशी जातात. गोड दिसतं, यात वादच नाही. आणि तुमच्या हॉलमधल्या फोटोसारखा, मनगटांवर हनुवटी टेकवलेला जो प्रकार असतो, तो तर बहुतेकदा दोन फोटो जोडून केलेला असतो. एकात मदतनीस बाळाचं डोकं धरते, दुसऱ्यात मनगटं धरते, मग संगणकावर हात पुसून टाकतात. नवजात बाळाला ती मान तशी पेलतच नाही. हे तुम्हाला डिझायनर म्हणून ठाऊक असेल. बघणाऱ्या बाळंतिणीला ठाऊक नसतं.

उताणंच का, हे थोडक्यात सांगते, कारण मॅडमशी बोलताना लागेल. पालथ्या बाळाचं तोंड गादीत रुतलं की सोडलेला श्वासच ते पुन्हा आत घेत राहतं, अंगातली उष्णता कोंडते, आणि अशा वेळी जागं होऊन मान फिरवण्याची जी उपजत हालचाल असते तीही मंदावते. कुशीवर झोपवलेलं बाळ कलंडून पालथं होतं, म्हणून १९९२ साली ‘उताणं किंवा कुशीवर’ म्हणणाऱ्या अमेरिकी तज्ज्ञांनी २००५ पर्यंत ‘कुशीवर’ हा शब्द काढूनच टाकला. “उताणं ठेवलं आणि दूध ओकलं तर घशात अडकेल” ही भीती घरोघरी असते, आणि ती खोट्या मायेची नसते. पण शरीराची रचना वेगळं सांगते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध चढून श्वासनलिकेत जायला जागा नसते, ते खालीच परततं. पालथ्या बाळात हा क्रम उलटा होतो.

मोहिमांचा परिणाम किती झाला तेही माहीत असू द्या. ब्रिटनमध्ये अ‍ॅन डायमंड या टीव्ही निवेदिकेचं चार महिन्यांचं बाळ १९९१ च्या उन्हाळ्यात झोपेतच गेलं. त्या स्वतः पडद्यावर उभ्या राहिल्या आणि त्याच वर्षाअखेरीस तिथली मोहीम सुरू झाली. अमेरिकेत ती १९९४ ची. तिथं १९९२ मध्ये १०० पैकी ७० बाळं पालथी झोपवली जात. चारच वर्षांत तो आकडा २४ वर आला आणि दहाएक वर्षांत झोपेतल्या अकल्पित मृत्यूंचं, डॉक्टर ज्याला सिड्स म्हणतात त्याचं, प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. औषध नाही, यंत्र नाही. बाळ कसं ठेवायचं एवढंच लोकांना दाखवलं गेलं.

आणि आता यातली मला सगळ्यात खुपणारी गोष्ट. आपल्याकडे तान्हं बाळ बहुतेक घरांत उताणंच निजवतात. दुपट्यात गुंडाळून, पाळण्यात, तोंड वर. पालथं पडणं हा आपल्या लेखी चौथ्या-पाचव्या महिन्यातला पराक्रम असतो. आजी फोन करून सांगते, “अहो, पालथा पडला आज!” म्हणजे या एका बाबतीत तरी तुमच्या गावच्या आज्या आधीपासून बरोबर आहेत, आणि आपण विकतच्या फोटोतून त्यांच्या घरात पालथं बाळ पोचवतोय. मॅडमना हे सांगून बघा. सासूबाई ऐकत नाहीत अशी तक्रार प्रत्येक डॉक्टर करतात. इथं सासूबाई आपल्या बाजूनं आहेत.

आता क्रिबचा प्रश्न. तुमच्या पत्रात मला सगळ्यात आवडलेलं वाक्य तेच होतं, ‘आमच्या बायकांच्या घरी तसलं काही नसतं’. पण तुम्ही ते अडचण म्हणून लिहिलंत. मला ती निवडीची पहिली कसोटी वाटते. रिकामं, कठड्याचं, घट्ट चादर लावलेलं क्रिब हे अमेरिकी सूचनेचं अचूक चित्र आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण झोपणाऱ्या घरातली बाई ते बघते आणि मनातल्या मनात म्हणते, हे आपलं नव्हे. मग त्यातलं जे तिचं होतं, म्हणजे उताणं बाळ, कडक गादी, डोक्यापाशी काही नाही, तेही क्रिबबरोबर निघून जातं. चित्र वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असूनही फुकट.

बाळ आईच्या शेजारी झोपवावं की नाही यावर जगात एकमत नाही, हे तुम्ही लपवू नका. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ म्हणतात, बाळ आईच्याच खोलीत पण वेगळ्या पृष्ठभागावर झोपवा, निदान पहिले सहा महिने. ब्रिटनमधले लोक म्हणतात, माणसं शेजारी झोपवणारच, तर कधी अजिबात झोपवू नये ते नीट सांगा: आईबापांपैकी कुणी धूम्रपान करत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर नाही. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोपणं कधीच नाही, यावर दोघांचं एकमत आहे. तुमच्या दवाखान्याची भूमिका काय हे मॅडमनी ठरवायचं. पण ती भूमिका काहीही असली तरी एक चित्र दोन्हीकडे चालतं, आणि ते मी तुमच्या जागी असते तर चित्रकाराकडून काढूनच घेतलं असतं.

जमिनीवर आईची गादी. तिला लागून, तिच्या हाताच्या अंतरावर, बाळाची स्वतःची छोटी गादी: कापसाची, दाबून बसलेली, हात ठेवला तर न रुतणारी, वर ताणून खोचलेलं जुनं सुती धडपं. बाळ उताणं. अंगात अंगडं, बस. आईची गोधडी आईच्याच अंगावर, तिची कड बाळाच्या गादीवर आलेली नाही. आईची उशी तिच्या डोक्याखाली, बाळाच्या बाजूला घसरलेली नाही. बाळ भिंत आणि गादीच्या फटीत नाही, आणि थोरल्या भावंडाच्याही शेजारी नाही. भावंड आईच्या पलीकडे. पाहिजे तर भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात हंडा-कळशी काढा, म्हणजे बघणारीला आपलं घर ओळखू येईल. डास आहेत, तेव्हा मच्छरदाणी हवीच. मोठी, चारी बाजूंनी खोचलेली, किंवा बाळाची छत्रीसारखी ताठ. जाळी तोंडावर लोंबत नाही एवढं बघा. मच्छरदाणी नसलेलं ‘सुरक्षित झोपे’चं चित्र आपल्या पावसाळ्यात कुणाला खरं वाटणार?

काही गोष्टी मात्र आपल्याच आहेत आणि तरी चित्रात नकोत. मोहरीची उशी ही त्यातली पहिली. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०२२ मध्ये बाळाचं डोकं घडवणाऱ्या उशांबद्दल इशाराच दिला, त्या वापरू नका म्हणून. आपली मोहरीची उशी काही त्यांच्या यादीत नव्हती, पण काम तेच आणि धोका तोच. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये याला साधा उपाय आहे: आज डोकं दाराकडे, उद्या खिडकीकडे अशा दिशा बदलायच्या आणि बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथं खेळवायचं. गळ्यातला काळा दोरा आणि दृष्टमणीही फोटोतल्या बाळाच्या गळ्यात नको. अडकला तर आवळतो. घरी काय बांधायचं यावर भांडत बसू नका, फक्त आपल्या चित्रातलं बाळ मोकळ्या गळ्याचं असू द्या.

झोळीबद्दल मला प्रत्येक कार्यशाळेत विचारतात. साडीच्या झोळीत तान्ह्याची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कापड दोन्ही बाजूंनी तोंडाशी येतं. शेतात, बांधकामावर दुसरी सोयच नसते हे मला कळतं. तिथं झोळी आईच्या नजरेच्या टप्प्यात असते. पण दवाखान्याच्या पुस्तिकेत ‘झोप’ या शब्दाशेजारी झोळी नको. पाळण्याचं तसं नाही. तळ सपाट आणि घट्ट असला, आत उशी-लोड नसले तर पाळणा चांगलाच. फक्त पाळण्याचा फोटो म्हणून बारशाचा फोटो लावू नका. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ चाललेलं असतं तेव्हा पाळण्यात झेंडू, झालरी, खेळणी, मखमली उशी आणि भोवती पंधरा बायका असतात. तो सोहळ्याचा फोटो आहे, झोपेचा नव्हे. पण छापलेल्या पानावर पंधरा बायका कापल्या जातात आणि उरतो मखमलीत रुतलेला जीव.

टोपीचं जरा सांभाळून. झोपेत घरात टोपी नको, बाळ तापतं, असं परदेशी सूचना सांगतात. आपल्याकडे कमी वजनाच्या बाळाला पहिल्या दिवसांत ऊब टिकवायला टोपी-मोजे घालायलाच सांगतात, आणि ते योग्यच आहे. तेव्हा पुस्तिका कुणासाठी आहे ते मॅडमना विचारून ठरवा. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ दाखवायचं असेल तर डोकं उघडं ठेवा. तीच गोष्ट कांगारू पद्धतीची. आईच्या उघड्या छातीवर, कापडानं बांधलेलं बाळ पालथंच असतं, आणि ते बरोबर असतं. पण त्या फोटोत आईचे डोळे उघडे हवेत. आई मागे टेकून डोळे मिटून पडली आहे असा सुंदर फोटो तुम्हाला मिळेल. तो घेऊ नका.

डोळ्यांवरून आठवलं. तुमच्या मुखपृष्ठाला झोपलेलं बाळ लागतंच कशाला? बाळ म्हटलं की झोपलेलं, हे समीकरण आपण फोटो विकणाऱ्यांकडून घेतलं. आईच्या कडेवरचं, टक्क डोळ्यांनी बघणारं बाळ घ्या. कुणी त्याची नक्कल केली तर काही बिघडत नाही. मी तर डिझायनरना सांगते की चोवीस पानांत झोपेचं चित्र एकच असू द्या, नवव्या पानावर, मोठं, आणि ते अगदी बिनचूक. बाकी सगळीकडे जागी बाळं. निम्मा प्रश्न तिथंच संपतो.

मिळालेला फोटो तपासताना मी मजकूर झाकते आणि स्वतःला एकच विचारते: हे बघून कुणी जसंच्या तसं केलं तर? मग नजर बाळावरून काढून कडांवर फिरवते, कारण बाळ सगळेच बघतात. पांघरूण छातीच्या वर आलंय का? गादीवर बाळाच्या वजनानं खळगा पडलाय का? (खळगा दिसला तर गादी मऊ.) मागे सोफा आहे का? कोपऱ्यात चार्जरची वायर, पडद्याची दोरी? तिरपी खुर्ची किंवा झुला? बाळ किती महिन्यांचं दिसतंय? सात महिन्यांचं बाळ आपणहून पालथं होऊन झोपलं तर त्याला रात्रभर उलटवत बसायचं नसतं, पण तो फोटो तीन दिवसांच्या बाळाच्या पुस्तिकेत चालणार नाही. दुपट्यात गुंडाळलेलं असेल तर ते उताणंच हवं, आणि कूस बदलू लागलेल्या वयाचं नको.

एक चूक मीही वर्षानुवर्षं केली: बरोबर-चूक जोड्या. डावीकडे पालथं बाळ, वर लाल फुली. उजवीकडे उताणं बाळ, वर हिरवी खूण. मग ते कुणीतरी तालुक्याला झेरॉक्स काढून वाटतं. काळ्या-पांढऱ्यात लाल फुली बाळाच्या काळ्या अंगड्यात विरघळते, आणि दोन चित्रं शेजारी शेजारी उरतात, जणू दोन्ही चालतील. शिवाय ज्यांना अशा खुणांची सवय नाही त्यांना फुली म्हणजे ‘नको’ हे आपोआप कळत नाही. चुकीचं दाखवूच नका. जे करायचं तेच काढा.

छापण्याआधी चित्र बाळंतिणींना दाखवा, पण “आवडलं का?” विचारू नका. आवडलंच म्हणतील, तुम्ही दवाखान्यातून आलाय म्हटल्यावर. विचारा, “काय दिसतंय यात? बाळ कुठं आहे? तुमच्या घरी हे कसं कराल?” पाच-सहा जणी पुरतात. एखाद्या आशाताईंनाही गाठा. त्या जन्मानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन येतात. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरात बाळ खरोखर कुठं आणि कसं झोपलंय हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. चित्रातली गादी खोटी वाटली तर त्याच सांगतील.

तयार फोटोच हवे असतील तर इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाच्या ‘बेसिस’ या प्रकल्पाचा बाळांच्या झोपेच्या छायाचित्रांचा संग्रह आहे, त्यात आईशेजारी झोपलेली बाळंही आहेत. अमेरिकेत ‘सेफ टू स्लीप’ या सरकारी मोहिमेनंही अशी चित्रं तयार केली होती. वापराच्या अटी वाचून घ्या. पण मला विचाराल तर तुमच्याच दवाखान्यात, त्याच सिस्टरांना शेजारी उभं करून, एका आईच्या लेखी संमतीनं दहा फोटो काढा. स्टुलावर उभं राहून, वरून. वरून काढलं की उताण्या बाळाचा चेहरा पूर्ण दिसतो, नाक-तोंड मोकळं दिसतं, आणि गादीवर दुसरं काही नाही हेही दिसतं. गोडव्याची काळजी करू नका. दोन्ही हात डोक्याशी टाकून, बेडकासारखे पाय पसरून उताणं पडलेलं बाळ काय कमी गोड दिसतं?

राहिल्या सतराशे प्रती. पुन्हा छापा असं मी सरसकट म्हणणार नाही. तालुक्याच्या दवाखान्याला तो खर्च जाणवतो. तसंच वाटत राहा असंही म्हणवत नाही. माझा मधला मार्ग: मुखपृष्ठाच्या मापाचा चांगल्या चिकटीचा स्टिकर, जागं बाळ आणि दवाखान्याचं नाव. आतल्या टेडीच्या फोटोवर दुसरा, त्यावर जमिनीवरच्या दोन गाद्यांचं रेखाचित्र. एक दुपार, चारजणी आणि चहा, एवढ्यात बरंच होतं. आम्ही केलेलं आहे. आधी मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर जी पीडीएफ फिरते ती बदला, आजच. कागद तीनशे घरांत गेला, पीडीएफ किती घरांत गेली कुणी मोजलंय? वाटलेल्या तीनशे प्रतींसाठी पहिल्या डोसाला बाळ घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला सिस्टरनी दोन वाक्यं सांगावीत आणि हातात स्टिकर द्यावा. “आमच्याकडून फोटो चुकीचा गेला” असं मोकळेपणानं म्हटलेलं लोक विसरत नाहीत. उताणं-पालथं त्यांच्या डोक्यात त्यानंच पक्कं बसेल.

मॅडमशी बोलताना “तुमचं चुकलं” किंवा “माझं चुकलं” इथून सुरुवात करू नका. पुस्तिका त्यांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा, “मॅडम, ओपीडीत एखादीनं बाळ असं पालथं, उशीवर झोपवून दाखवलं तर तुम्ही तिला काय म्हणाल?” त्या जे म्हणतील तेच स्टिकरमागचं कारण. आणि धीर झाला तर वॉर्डाकडेही एकदा बघायला सांगा. कॉरिडॉरमध्ये टोपलीतल्या बाळांची पोस्टरं आहेत का? दूध पाजून झाल्यावर वॉर्डात बाळं कुशीवर लावून ठेवतात का? तीन दिवस आई तेच बघत असते.

आता तुमच्या हॉलमधला फोटो. राहू द्या तो. लेक तुमची, भिंत तुमची, आणि ती सुखरूप मोठी होतेय. कुणी नवी बाळंतीण घरी आली आणि “अय्या, किती गोड झोपलीय” म्हणाली, तर तिला चहा देता देता सांगा की झोपली होती खरी, पण एका बाजूनं एकीनं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूनं तुम्ही श्वास रोखून मनगटं धरली होती.